जुन्या टचस्क्रीन लॅपटॉपवर उबुंटू: बोटांनी चालवायचा असेल तर आधी हे वाचा

बाबांचा लॅपटॉप २०१७ चा. स्क्रीन पूर्ण मागे वळते आणि त्याची पाटी होते, त्या प्रकारातला. सातव्या पिढीचा इंटेल आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. यंत्र आजही ठणठणीत आहे. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चालत्या यंत्राला दार बंद.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. हात थोडा थरथरतो, त्यामुळे माऊसची डबल क्लिक त्यांना जमत नाही. फोन मात्र ते सहज वापरतात. बोट लावलं की उघडतं, दोन बोटं फाकवली की मोठं होतं, हे त्यांच्या हाताला माहीत आहे. म्हणून नवी प्रणाली निवडताना माझी एकच अट होती: ती बोटांनी चालली पाहिजे. उबुंटू ही विंडोजच्या जागी घालता येणारी मोफत लिनक्स प्रणाली. तिच्या २४.०४ या आवृत्तीवर ते साधलं. नंतर मावशीचा कीबोर्ड सुटा होणारा टॅब्लेटही मी तिकडे नेला. दोन्ही वेळा मी जिथे अडखळले, त्या जागा खाली सांगते आहे.

## आधी एक समजून घ्या: टच-फ्रेंडली म्हणजे काय

नुसती चिन्हं मोठी केली म्हणजे डेस्कटॉप बोटांसाठी तयार झाला असं होत नाही. माऊसचं टोक एका पिक्सेलवर बसतं, बोट मात्र खालचं सगळं झाकून टाकतं. ॲपल आपल्या ॲप बनवणाऱ्यांना बटण किमान ४४ पॉइंटचं ठेवायला सांगतं, तर गूगल अँड्रॉइडसाठी ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर सांगतं. शिवाय माऊस एखाद्या गोष्टीवर नुसता नेऊन थांबवता येतो, बोट तसं थांबवता येत नाही. राइट क्लिकला काहीतरी पर्याय लागतो. लिहायच्या जागेवर बोट ठेवल्यावर कीबोर्ड वर यायला हवा, आणि यंत्र उभं धरलं की चित्रही उभं व्हायला हवं.

मायक्रोसॉफ्टने २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आणताना बोटांचा इतका विचार केला की स्टार्ट बटणच काढून टाकलं. माऊसवाले लोक भांबावले आणि वर्षभरात ८.१ मध्ये ते बटण परत आणावं लागलं. उबुंटूचा डेस्कटॉप ज्यावर उभा आहे ते ग्नोम वेगळ्या वाटेने गेलं. एकच मांडणी माऊसलाही चालेल आणि बोटालाही चालेल, असा त्यांचा प्रयत्न आहे. मार्च २०२१ च्या ग्नोम ४० पासून तीन बोटांच्या हालचाली आल्या. उबुंटू २४.०४ मध्ये ग्नोम ४६ आहे आणि या आवृत्तीचा नेहमीचा आधार २०२९ पर्यंत आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मी हीच दीर्घ आधाराची आवृत्ती सुचवेन. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत ग्नोम आणखी ताजं मिळतं, पण त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच टिकते. दरवर्षी जाऊन ती बदलून देणारं कोणी जवळ नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

## १. यंत्राची कुंडली काढा

उबुंटू २४.०४ साठी अधिकृत किमान गरज अशी आहे: २ गिगाहर्ट्झचा दोन गाभ्यांचा ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि २५ जीबी मोकळी जागा. ४ जीबीवर ते चालतं, पण ब्राउझरमध्ये पाच-सहा पानं उघडली की धापा टाकतं. रॅम वाढवता येत असेल तर ८ जीबी करा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. बोट लावल्यावर दोन सेकंद काहीच हललं नाही की माणूस पुन्हा बोट लावतो, आणि मग दोनदा उघडतं.

अजून विंडोज आहे तोवर दोन गोष्टी बघून घ्या.

सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात अबाउट उघडा. तिथे "पेन अँड टच" अशी ओळ असते. तिच्यासमोर किती टच पॉइंट आहेत ते वाचा. १० असतील तर उत्तम. २ असतील तर तीन बोटांच्या हालचाली त्या काचेला कळणारच नाहीत, मग प्रणाली कुठलीही घाला.

दुसरं, स्टार्टमध्ये "सिस्टम इन्फर्मेशन" शोधा आणि बायोस मोड यूईएफआय आहे का ते पाहा. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी यंत्र सुरू करणारी मूळ व्यवस्था, आणि यूईएफआय हा तिचा नवा प्रकार.

दोन प्रकारच्या यंत्रांबाबत सावध राहा. २०१४-१५ च्या सुमाराचे स्वस्त इंटेल ॲटम टॅब्लेट, ज्यांच्यात प्रोसेसर ६४ बिटचा पण यूईएफआय ३२ बिटचं असतं, त्यांवर उबुंटूचा पेन ड्राइव्ह सुरूच होत नाही. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत त्याची सोय आहे, पण अशा यंत्रांत रॅम बहुधा २ जीबीच असते, त्यामुळे मी तरी तो खटाटोप करणार नाही. दुसरा प्रकार मायक्रोसॉफ्ट सरफेसचा. त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत स्पर्श चालायला "लिनक्स-सरफेस" नावाचं वेगळं कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, घालावं लागतं. ते काम होतं, पण पहिल्यांदाच हे करणाऱ्याने एकट्याने त्यात हात घालू नये.

आणि तुमचं यंत्र विंडोज ११ घेत असेल, किंवा तुम्हाला डिजिटल सही, हिशेबाचं एखादं ठरावीक सॉफ्टवेअर अशा विंडोजवरच चालणाऱ्या गोष्टी लागत असतील, तर तिथेच राहा.

## २. लागणारं साहित्य

- १६ जीबीचा पेन ड्राइव्ह. तो पूर्ण पुसला जाईल.
- तारेचा यूएसबी कीबोर्ड आणि माऊस. टॅब्लेट असेल तर ओटीजी जोडणी किंवा छोटा यूएसबी हबही.
- बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क.
- चार्जर. नुसत्या बॅटरीवर हे काम करू नका.
- बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला जे कुलूप लावतं त्याची, ४८ अंकी रिकव्हरी की, कागदावर उतरवलेली.
- यूएसबी केबलसकट फोन. वायफाय लगेच चाललं नाही तर फोनचं इंटरनेट केबलने देता येतं.

"टचस्क्रीन आहे, कीबोर्ड कशाला?" असं मलाही वाटलं होतं. पण बायोसच्या पडद्यावर स्पर्श चालेलच असं नाही, आणि पुढे एक निळा पडदा येतो तिथे तर कीबोर्डशिवाय गत्यंतर नाही. बॉक्सभर तारा लागल्या तरी चालतील, कीबोर्ड हाताशी हवाच.

## ३. बॅकअप आणि बिटलॉकर

फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड हे सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. घेतलेलं दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे दोन फोल्डर लोक हमखास विसरतात. बाबांचे पेन्शनचे सगळे कागद डाउनलोड्समध्येच होते.

बऱ्याच लॅपटॉपांवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपल्या नकळत चालू असतं. अशा यंत्रावर बायोसमध्ये काही बदललंत की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, पण त्या खात्याचा पासवर्ड घरात कोणालाच आठवत नाही अशी पाळी येते. म्हणून आधी की शोधा, कागदावर लिहा, मग पुढे जा. विंडोज ठेवून शेजारी उबुंटू घालणार असाल तर बिटलॉकर बंद करा, आणि पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा. नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि त्याच्या डिस्कवर उबुंटूला लिहिता येत नाही.

## ४. पेन ड्राइव्ह तयार करा

उबुंटूच्या अधिकृत संकेतस्थळावरून २४.०४ ची डेस्कटॉप फाइल उतरवा. ती ५-६ जीबीची आहे, तेव्हा घरचं वायफाय बरं. विंडोजवर रूफस किंवा बलेनाएचर या मोफत साधनाने ती पेन ड्राइव्हवर चढवा. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. रूफसमध्ये पार्टिशनचा प्रकार जीपीटी ठेवा.

## ५. लाइव्हमध्ये अर्धा तास बसा

या पायरीवर घाई करू नका. उबुंटू डिस्कवर न घालता थेट पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. तुमच्या डिस्कला धक्का लागत नाही.

यंत्र बंद करा, पेन ड्राइव्ह लावा, चालू करताच बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ किंवा एस्केप, आसूसवर एस्केप. काही टॅब्लेटवर आवाज कमी करायचं बटण धरून ठेवावं लागतं. पडदा आल्यावर "ट्राय उबुंटू" निवडा.

आता यूएसबी माऊस काढून ठेवा. काही यंत्रांवर माऊस जोडलेला असेल तर प्रणालीला वाटतं की हा साधा लॅपटॉप आहे, आणि स्पर्शासाठीच्या सोयी जाग्याच होत नाहीत. मी पहिल्या दिवशी तासभर याच घोळात होते: माऊस लावून बसले होते आणि कीबोर्ड वर का येत नाही म्हणून शोधत होते.

मग हे एकेक करून बघा.

नुसता स्पर्श. चारही कोपऱ्यांत बोट लावा. बोट एकीकडे आणि परिणाम दुसरीकडे होत असेल तर टिपून ठेवा. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर आधी तो काढा, स्पर्शाचा नकाशा कधीकधी त्याच्यावर पसरतो.

तीन बोटं. काचेवर तीन बोटं ठेवून वर सरकवा. सगळ्या उघड्या खिडक्या लहान होऊन समोर मांडल्या गेल्या पाहिजेत. डावीउजवीकडे सरकवलं की एका कार्यपटावरून (वर्कस्पेसवरून) दुसऱ्यावर जाता येतं.

लांब दाब. फाइल्स उघडा, एखाद्या फोल्डरवर बोट ठेवून धरा. राइट क्लिकची यादी यायला हवी.

कीबोर्ड. स्क्रीन मागे वळवा किंवा कीबोर्ड सुटा करा. लिहायच्या जागेवर बोट लावा. कीबोर्ड आला नाही तर खालच्या कडेवरून बोट वर ओढा. तरीही नाहीच आला तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात टायपिंग, तिथे "स्क्रीन कीबोर्ड" चालू करा.

फिरणं. यंत्र उभं धरा. चित्र फिरलं पाहिजे. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या झटपट सेटिंग्जमध्ये फिरणं रोखून धरायचं बटण दिसत असेल तर सेन्सर ओळखला गेला असं समजा. चित्र उलट्या बाजूला फिरत असेल तर सेन्सर आहे, पण त्याची दिशा चुकीची नोंदलेली आहे. ते दुरुस्त होतं, पण जाणकार लागेल.

झोप आणि जाग. झाकण बंद करा, दोन मिनिटं थांबा, उघडा. स्पर्श अजून चालतो का? वायफाय परत आलं का? ही तपासणी बहुतेक लोक करत नाहीत. झोपेतून उठल्यावर स्पर्श मेलेला असणं हा जुन्या यंत्रांचा नेहमीचा आजार आहे, आणि तो उबुंटू डिस्कवर घातल्यानंतर कळला तर फार मनस्ताप होतो.

पेन. असेल तर दाबाप्रमाणे रेघ जाडबारीक होते का, ते पुढे झर्नल++ या टिपणांच्या सॉफ्टवेअरमध्ये कळेल. आत्ता टोक ओळखलं जातं एवढं बघा.

आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ हेही बघून घ्या. आणि ज्यांच्यासाठी हे करताय त्यांनाच समोर बसवा. मी बाबांना काहीच न सांगता लॅपटॉप दिला. त्यांनी पहिल्यांदा फोनसारखं वरून बोट खाली ओढलं. काही झालं नाही. दुसऱ्यांदा वरच्या उजव्या कोपऱ्यात नुसतं टेकवलं, यादी उघडली, आणि त्यांनी स्वतःच उजेड कमी केला. त्या अर्ध्या तासात मला कळलं की हे त्यांना जमेल.

वरचं काही चालत नसेल तर इथेच थांबा. पेन ड्राइव्ह काढा, यंत्र होतं तसं परत मिळेल.

## ६. डिस्कवर घाला

इंस्टॉलर सरळ आहे, फार सांगण्यासारखं नाही. "ग्राफिक्स आणि वायफायसाठी इतरांचं सॉफ्टवेअर" या अर्थाची खूण करा. विंडोज नको असेल तर "इरेज डिस्क", हवं असेल तर शेजारी घालायचा पर्याय.

दोन सापळे इथे आहेत.

पहिला तो निळा पडदा. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरला सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असताना बाहेरचे ड्रायव्हर घातले तर इंस्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर "एनरोल एमओके" येतं, तिथे तोच पासवर्ड द्यायचा. घाबरून "कंटिन्यू बूट" दाबलंत तर ते ड्रायव्हर चालत नाहीत. इथे कीबोर्ड लागतो.

दुसरा एन्क्रिप्शनचा. डिस्क कुलूपबंद करायचा पर्याय चांगला आहे, पण त्याचा पासवर्ड यंत्र सुरू होताना, डेस्कटॉप येण्याआधीच मागितला जातो, आणि तिथे स्क्रीनवरचा कीबोर्ड नसतो. मावशीच्या टॅब्लेटवर मी हौसेने एन्क्रिप्शन केलं. तिचा सुटा कीबोर्ड पुण्यात माझ्याकडे राहिला आणि टॅब्लेट वाईला गेला. दोन दिवस मावशी काळ्या पडद्याकडे बघत होती, शेवटी शेजारच्या मुलाने ओटीजीला तारेचा कीबोर्ड लावून दिला. लॅपटॉपचा कीबोर्ड जोडलेलाच असेल तर एन्क्रिप्शन जरूर करा. कीबोर्ड सुटा होत असेल तर तो कायम सोबत राहील याची खात्री असल्याशिवाय करू नका.

## ७. बोटांसाठी घडी बसवा

मापन. १३.३ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात साधारण १६६ पिक्सेल बसतात. म्हणजे २४ पिक्सेलचं बटण १०० टक्क्यांवर जेमतेम पावणेचार मिलिमीटरचं होतं. बाबांच्या बोटाला ते सापडत नव्हतं. सेटिंग्जमधल्या डिस्प्लेजमध्ये "फ्रॅक्शनल स्केलिंग" चालू करून १५० टक्के केलं, तेच बटण साडेपाच मिलिमीटरचं झालं. २०० टक्क्यांवर ते सव्वासात होतं, पण मग पानावर काही मावत नाही. १५० वर थांबा, आणि अक्षरं अजून मोठी हवी असतील तर ॲक्सेसिबिलिटीमधून "लार्ज टेक्स्ट" वेगळं करा.

एका स्पर्शात उघडणं. फाइल्सच्या प्रेफरन्सेसमध्ये "सिंगल क्लिक" निवडा. बाबांच्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपातला हा सर्वांत मोठा फायदा ठरला.

डॉक, म्हणजे कडेची चिन्हांची पट्टी. सेटिंग्जमधल्या "उबुंटू डेस्कटॉप"मधून चिन्हं मोठी करा. डॉक डावीकडेच राहू द्या, यंत्र हातात धरल्यावर डावा अंगठा तिथे सहज पोचतो.

स्क्रीन कीबोर्ड. ॲक्सेसिबिलिटीतला पर्याय कायम चालू ठेवलात तर खऱ्या कीबोर्डवर टाइप करतानाही तो वर येऊन अर्धा पडदा अडवतो. स्क्रीन वळवल्यावर आपोआप येत असेल तर हा पर्याय बंद ठेवा.

वेलँड. वर सांगितलेल्या तीन बोटांच्या हालचाली नीट चालायला डेस्कटॉप वेलँडवर असावा लागतो. वेलँड ही पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा, एक्स११ ही जुनी. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट, सिस्टम डिटेल्स इथे "विंडोइंग सिस्टम"समोर वेलँड दिसायला हवं. एक्स११ दिसलं तर बाहेर पडा, नाव निवडल्यावर खालच्या कोपऱ्यात दातेरी चाक येतं, तिथून नुसतं "उबुंटू" निवडा.

## ८. मराठी

सेटिंग्जमधल्या कीबोर्डमध्ये इनपुट सोर्सेस, अधिकच्या चिन्हावरून मराठी शोधा. यादीत इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना) आणि फोनेटिक (उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांनी) असे पर्याय दिसतात. दिसले नाहीत तर "आयबस-एम१७एन" हे पॅकेज घाला आणि एकदा बाहेर पडून परत आत या. वरच्या पट्टीवर भाषेची खूण येते, तिला बोट लावून भाषा बदलते.

नव्याने शिकणार असाल तर इनस्क्रिप्ट शिका. "दर्या" आणि "दऱ्या" यांतला फरक तिथे चोख लिहिता येतो: शिफ्टसकट जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग तिरक्या रेघेची कळ म्हणजे य. रोमन लिपीत लिहून होणाऱ्या टायपिंगमध्ये हा ऱ्य अनेकांना सापडतच नाही. मात्र काचेवरच्या कीबोर्डवर लांबलचक मराठी लिहायची अपेक्षा ठेवू नका. बाबा वाचायला स्क्रीन वळवतात, आणि पत्र लिहायचं असेल तर कीबोर्ड पुढे घेतात.

## ९. पहिल्या दिवशी घालायची सॉफ्टवेअर

फायरफॉक्स आलेलंच असतं. डिसेंबर २०२३ च्या १२१ व्या आवृत्तीपासून ते वेलँडवर आपणहून चालतं, त्यामुळे दोन बोटांनी मोठं करणं आणि बोटाने पान सरकवणं थेट जमतं.

लिब्रऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचे मेनू बोटाला फार बारीक आहेत. व्ह्यूमध्ये "युझर इंटरफेस"मधून "टॅब्ड" निवडा, बटणं थोडी मोठी आणि मोकळी होतात. तरी ते बोटांसाठी बनलेलं नाही, हे मान्य करून चाला.

हाताने टिपणं काढायला आणि पीडीएफवर लिहायला झर्नल++ घ्या. लिहिताना तळहात काचेला टेकून रेघा उठत असतील तर त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये स्पर्शाने रेखाटणं बंद करता येतं, मग फक्त पेनच उमटतं. चित्रकलेसाठी क्रिटा.

सगळं झाल्यावर पेन ड्राइव्ह पुसू नका. पेन ड्राइव्ह, तारेचा कीबोर्ड, ओटीजी आणि रिकव्हरी कीचा कागद एकाच पिशवीत घालून पिशवी यंत्राजवळ ठेवा. मावशीकडची पिशवी आता टॅब्लेटच्या कव्हरलाच अडकवलेली असते.